बाणाच्या पात्याला खोबरेल

माझ्या काउंटरवर कायम दोन-तीन बटाटे असायचे. पलीकडे बंदुका विकणारी मंडळी त्यावरून मला चिडवायची, आणि गिऱ्हाइकं माझ्या माघारी मला 'पोटॅटो लेडी' म्हणायची. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. पण नवरात्र जवळ आलं, की हीच सगळी माणसं माझ्यासमोर गुपचूप रांग लावून उभी असायची. आमच्या पेन्सिल्वेनियात हरणांचा धनुष्यबाणाचा सीझन नेमका त्याच दिवसांत उघडतो.

स्टेट कॉलेजच्या बाहेर, हायवेला लागून असलेल्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात मी धनुष्यबाणाचा विभाग सांभाळला. नागपूरच्या बाईने हे काय आरंभलं, असं कोणालाही वाटेल. आमचे हे इथल्या युनिव्हर्सिटीत संशोधनाला आले आणि मी डिपेंडंट व्हिसावर त्यांच्यामागे आले. कामाची परवानगी नव्हती, म्हणून काही वर्षं घरात बसून बर्फ बघितला. परवानगी आली तेव्हा माझ्या बायोडेटात अभिमानाने सांगण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. कॉलेजात असताना बांबूच्या धनुष्याने विद्यापीठाच्या टीमकडून खेळले होते, तेवढं अगदी शेवटच्या ओळीत लिहिलं होतं. मॅनेजरने नेमकी तीच ओळ वाचली.

बाहेरच्यांसाठी हा धंदा थोडक्यात सांगते. शिकारीच्या बाणाला पुढे जे धारदार टोक लावतात त्याला ब्रॉडहेड म्हणतात. एका जातीत पाती कायम उघडी असतात, हलत नाहीत. मजबूत खरं, पण उघडी पाती वारा धरतात आणि धनुष्य नीट जुळवलेलं नसेल तर बाण भलतीकडे जातो. दुसरी जात मेकॅनिकल. त्यात पाती छत्रीसारखी मिटलेली असतात आणि एक बारीक रबरी रिंग त्यांना धरून ठेवते. हवेत बाण सरळ जातो, जनावराला लागला की रिंग तुटते, पाती बिजागरीवर मागे उघडतात आणि जखम रुंद होते. नेम दोन्ही फुप्फुसांवर लागला तर हरीण काय झालं ते कळायच्या आत पडतं. फक्त पाती उघडण्यात बाणाची थोडी ताकद खर्च होते. त्यामुळे ज्याचं धनुष्य ओढायला हलकं, त्याने फार रुंद पाती घेतली तर बाण पुरता आत जात नाही, आणि जखमी जनावर कुठेतरी जाऊन रात्रभर तडफडतं.

म्हणून मी माल दाखवण्याआधी प्रश्न विचारायची. धनुष्य किती पौंडांचं ओढतोस? किती लांबून मारतोस? मागचं जनावर का सुटलं? हा शेवटचा प्रश्न विचारला की बहुतेक पुरुष छताकडे बघायला लागायचे.

एकदा एक धिप्पाड गृहस्थ व्हिडिओ बघून आले आणि त्यांनी दुकानातलं सगळ्यांत रुंद पातं मागितलं. खांद्याचं ऑपरेशन झाल्यामुळे धनुष्य मात्र पोराटोरांच्या ताकदीचं झालं होतं. मी म्हटलं, नाही देणार. ते म्हणाले, मॅनेजरला बोलवा. मॅनेजर आला, त्याने माझ्याकडे बघितलं, बटाट्यांकडे बघितलं आणि त्यांना म्हणाला, "तुम्ही हिचंच ऐका." गृहस्थ अरुंद, न हलणारं पातं घेऊन धुसफुसत गेले. ख्रिसमसच्या सुमारास त्यांनी त्याच पात्याने मारलेल्या हरणाचं सॉसेज दुकानात आणून दिलं. मी ते आनंदाने खाल्लं.

बटाट्याचं काम काय, तेही सांगते. पातं बाणाला लावायचं आणि बटाट्यात दाबायचं. उघडलं तर बटाट्यावर रुंद चीर पडते. इथली मंडळी त्यासाठी पुठ्ठा वापरतात, पण पुठ्ठ्याला आतला ओलेपणा नसतो आणि बटाटे माझ्या घरात भरपूर असायचे.

नागपूरला बाबांना मात्र माझं हे काम कधी रुचलं नाही. ते जुने शिक्षक आणि आमचं घर बौद्ध. दर विजयादशमीला मी सकाळी पांढरी साडी नेसून त्यांना फोन करायची. दीक्षाभूमीवरच्या गर्दीची हकीगत झाली की ते हटकून विचारायचे, "अजून शस्त्रंच विकून राहिलीस का?" सम्यक आजीविका त्यांनीच मला लहानपणी शिकवलेली. माणसाने कशावर पोट भरावं आणि कशावर भरू नये, हे त्या शिकवणीत अगदी स्पष्ट आहे. मी म्हणायची, "बाबा, इथे हरणं इतकी झालीत की शेतं खातात आणि गाडीखाली मरतात. मारणारे मारणारच. मी निदान वाईट पातं कोणाच्या हातात जाऊ देत नाही." ते "हं" म्हणायचे. उत्तर मला स्वतःलाच पुरं वाटत नव्हतं, कारण इतकी वर्षं पाती विकूनही त्या पात्याने हरीण मरताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मग मंदारची ती भानगड झाली.

मंदार पुण्याचा, वर्क व्हिसावर आलेला, घरूनच कंपनीचं काम करणारा मुलगा. गावाबाहेर त्याने घर घेतलं होतं. शेजारी डेल नावाचा एकटा म्हातारा शेतकरी राहायचा, त्याने याला शिकारीची गोडी लावली. बंदुकीच्या कागदपत्रांत पडायला नको म्हणून मंदारने धनुष्य धरलं आणि मग त्याचं त्यालाच वेड लागलं. डेलने त्याला आपल्या जंगलात यायची परवानगी दिली, फाटकाच्या कुलपाची चावीही दिली. अट एकच होती. डेलच्या जमिनीवरून कुठलंही जनावर जखमी होऊन मरायला दुसरीकडे जाता कामा नये. त्याच्या बापाचाही तोच नियम होता म्हणे.

ऑक्टोबरच्या शेवटी, चांगली थंडी पडल्यावर, मंदार माझ्या काउंटरपाशी आला. डोळे सुजलेले होते. सोबत त्याची आई होती. सुमनताई सहा महिन्यांसाठी पुण्याहून आल्या होत्या. पोरगा दोन दिवस जेवला नाही म्हणून त्या गाडीत बसून त्याच्यामागे आल्या होत्या.

"काकू, मी एक डो, म्हणजे मादी हरीण, मारली आणि ती लॉस्ट झाली," मंदार म्हणाला. "मी सगळं परफेक्ट केलं होतं, यार. रेंजफाइंडरने डिस्टन्स चेक केलं, ब्रॉडसाइड, कूस माझ्याकडे करून उभी होती. बाण लागला आणि ती पळाली. ब्लड ट्रेल, म्हणजे रक्ताचा माग, अगदी थोडा, थेंबभर. मी आणि डेलने संध्याकाळपर्यंत शोधलं. नाही सापडली."

"आणि डेल?"

"त्याने चावी परत मागितली." मग म्हणाला, "मी रिक्वेस्ट केली. तो म्हणाला, सीझन संपायच्या आत एकदा ये. पण का चुकलं ते आधी मला सांग, मगच झाडावरच्या मचाणावर चढ. आणि पुन्हा असं झालं तर धनुष्य विकून टाक. काकू, त्याने सांगायची गरज नाही. पुन्हा असं झालं तर मीच विकणार. मला सगळ्यांत मोठं ब्रॉडहेड द्या."

"मोठं बिठं काही मिळणार नाही," मी म्हटलं. "आधी जुनं दाखव."

त्याने भाता काउंटरवर ठेवला. हरणीला लागलेला तो बाण त्याला नंतर झुडपात सापडला होता. त्याच्या टोकाचं एक पातं उघडं होतं, दुसरं मिटलेलंच. एकच पातं उघडलं की बाण आत तिरका वळतो, नेम कितीही चांगला असो. म्हणजे पोराचा हात चुकला नव्हता.

पण पातं का उघडलं नाही? त्याच पाकिटातली दुसरी दोन टोकं भात्यात होती, ती मी तपासली. रिंगा नव्या होत्या. बटाट्यात दाबली तर दोन्ही पाती छान उघडली, रुंद चीर पडली. मंदारने माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्याचा शेवटचा आधार तुटला. माल चांगला, म्हणजे चूक त्याचीच, असा त्याने हिशेब केला असणार.

मी त्या दोनांतलं एक टोक उजेडात धरलं. बिजागरीच्या खाचेत काहीतरी लाल होतं. मला आधी रक्त वाटलं, पण हा बाण सुटलाच नव्हता, आणि रक्त वाळलं की काळं पडतं. हे लालभडक होतं, कडेने पिवळं. मी नखाने खरवडून वास घेतला आणि थक्क झाले. बिलासपूरपासून बॉस्टनपर्यंत कुठेही ओळखू आला असता असा वास होता तो.

"मंदार," मी म्हटलं, "खंडेनवमीला काय करून राहिला होतास तू?"

तो गोंधळला. "पूजा केली ना. आईने केली. धनुष्य, बाण, माझा लॅपटॉप, सगळ्याची."

"मीच केली," सुमनताई पुढे येऊन म्हणाल्या. "आमच्याकडे हत्यारं पुजतात हो. हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं. आणि आधी बोट फिरवून तेल लावलं सगळ्या पात्यांना, गंज धरू नये म्हणून. खिळीत पण नीट घातलं. खोबरेल. आमचे सासरे तलवारीला लावायचे."

दुकान चांगलं गरम केलेलं होतं. मी दोन टोकांतलं एक उचललं, पाती मिटवून रिंग पुन्हा चढवली, मागच्या खोलीत गेले आणि ते आमच्या जेवणाच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात बर्फाशेजारी ठेवून आले. तोवर मी दोघांना कॉफी दिली आणि दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला दोरी बदलून दिली. परत आणलं तेव्हा त्या खाचेवर पांढरट साय धरली होती. मी ते बाणाला लावलं आणि बटाट्यात दाबलं. एक पातं कुरकुरत उघडलं. दुसरं जागचं हललं नाही.

मी काही बोलण्याआधीच सुमनताईंनी तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई! खोबरेल गोठलंय!"

पुण्यात डिसेंबरमध्ये खोबरेलाची बाटली उन्हात ठेवणाऱ्या बाईला ते सांगायची गरजच नव्हती. झाडावरच्या मचाणावर, पहाटेच्या कडाक्यात, ते तेल मेणासारखं घट्ट झालं होतं आणि वर हळदकुंकवाचा गिलावा. बिजागरी त्यात पक्की बसली होती. दुकानाच्या उबेत ते सगळं विरघळून नामानिराळं होत होतं. मी जर ते गरम दुकानातच तपासत बसले असते तर जन्मभर काही सापडलं नसतं. खरं सांगते, त्या क्षणी मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली.

मग सुमनताईंकडे लक्ष गेलं. त्या रडत होत्या. "म्हणजे ते मुकं जनावर माझ्यामुळे..." एवढंच म्हणाल्या. मंदारने त्यांचा हात धरला. "आई, तुला कसं माहीत असणार? मी पण चेक नाही केलं ना."

"ताई," मी म्हटलं, "तुम्ही पोराचं भलं व्हावं म्हणून लावलंत. आता पुढचं जनावर तडफडणार नाही, ते आपण बघू."

त्यांनी डोळे पुसले आणि जरा वेळाने हळूच विचारलं, "मग पुढच्या वर्षी पूजा करायचीच नाही का हो?"

हा प्रश्न मला, म्हणजे शस्त्रांची पूजा कधीही न करणाऱ्या बाईला विचारला गेला. पण उत्तर माझ्या हाताशीच होतं. मेकॅनिकलच्या प्रत्येक पाकिटात खऱ्या टोकांसोबत एक सरावाचं टोक येतं. दिसायला आणि वजनाला हुबेहूब, पण पाती पक्की, न उघडणारी, बोथट. मी ते काढून त्यांच्या हातावर ठेवलं.

"याची करा. हवं तेवढं हळदकुंकू, तेल, तूप, सगळं. हे कधीच शिकारीला जात नाही. ते घरी बसून पूजा घेईल आणि बाकीची कामाला जातील."

सुमनताई हसल्या. "आमच्या घरातल्या मोठ्या जावेसारखं," त्या म्हणाल्या, आणि मंदारही दोन दिवसांत पहिल्यांदा हसला.

रुंद पाती मी त्याला दिली नाहीतच. त्याच्या धनुष्याला मध्यम पाती बरोबर होती, चूक पात्याची नव्हतीच. नवीन पाकीट दिलं आणि झाडावर चढायच्या आधी ते रात्रभर बाहेर थंडीत ठेवून मग बटाट्यात तपासायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मंदारने डेलला सगळं सांगितलं. डेलने ऐकून घेतलं आणि दुकानात मला फोन केला. त्याचा आवाज कोरडा होता. "कारण पटलं," तो म्हणाला. "त्याला येऊ दे. पण मॅम, तुम्ही पण या. जिने पातं दिलं तिने ते काय करतं ते एकदा बघावं."

नाही म्हणायला माझ्याकडे पुष्कळ कारणं होती. पण बाबांच्या त्या "हं"मुळे मी गेले.

नोव्हेंबरच्या मध्याला, सीझन संपायच्या आदल्या दिवशी, दुपारी मी डेलच्या स्वयंपाकघरात बसले होते. सुमनताई शेजारी होत्या, नारिंगी जाकीट घालून. ते त्यांना गुडघ्यापर्यंत येत होतं. डेल खिडकीपाशी उभा. उंच, वाकलेला, फार न बोलणारा माणूस. मंदार झाडावर होता. सुमनताईंनी माझा हात इतका घट्ट धरला होता की माझी बोटं दुखायला लागली. मी स्वतःला समजावत होते की मी सगळं तपासलंय. पण पातं पुन्हा नाही उघडलं तर मंदारचं धनुष्य जाणार होतं, आणि मी आजवर बाबांना जे सांगत आले ते सगळं खोटं ठरणार होतं.

डेलच्या फोनवर मेसेज आला. मंदारने बाण सोडला होता.

मी उठले. डेलने हात केला, बसा. लगेच मागे धावलं तर जखमी जनावर दूर पळतं, म्हणून थांबायचं असतं, हे मी शेकडो गिऱ्हाइकांना सांगितलेलं. स्वतः थांबायची वेळ आली तेव्हा डेलने केलेली कॉफी बाजूला ठेवून मी सारखी घड्याळ बघत होते. शेवटी त्याने टोपी घातली आणि आम्ही निघालो.

मंदार झाडाखाली उभा होता. बाण त्याच्या पुढेच मातीत रुतला होता, हरणाच्या आरपार जाऊन. डेल वाकला, त्याने बाण उपटला आणि काही न बोलता माझ्यासमोर धरला. दोन्ही पाती उघडी होती, पूर्ण, सारखी. मला हुंदका आला आणि मी तो लपवला नाही. पुढे मागाची गरजच पडली नाही. ओढ्याच्या अलीकडे, झाडापासून नजरेच्या टप्प्यातच हरणी पडली होती. तोंडात गवताची काडी तशीच.

डेलने टोपी काढली. "तिला कळलंसुद्धा नाही," तो म्हणाला. सुमनताईंनी हात जोडले. मीही मनातल्या मनात वंदना म्हटली, त्या जीवासाठी. आणि तरीही मी आनंदात होते. मला ते दोन्ही एकाच वेळी वाटत होतं आणि त्याची लाज वाटली नाही.

मंदारने खिशातून चावी काढून डेलपुढे धरली, कारण ती एकदाच्या बोलीवर मिळाली होती. डेलने त्याची मूठ मिटवली आणि "ठेव" म्हणाला.

त्या आठवड्यात मी आपण होऊन नागपूरला फोन केला आणि सगळं सांगितलं. गवताची काडीही सांगितली. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं केलं, गेलीस ते." त्यांच्याकडून यापेक्षा जास्त मला मिळालं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. विजयादशमीचा तो प्रश्न आता कोणी विचारत नाही, याची मात्र खंत वाटते. आता माझ्याकडे चांगलं उत्तर आहे.

मी निवृत्त झाले त्या वर्षीच्या दसऱ्याची गोष्ट सांगून थांबते. काउंटरवरचा माझा शेवटचा सीझन होता, नेहमीची रांग लागली होती आणि बटाटे संपत आले होते. मंदार रांग मोडून पुढे आला.

"काकू, काल खंडेनवमी डेलच्या किचनमध्ये केली! आई व्हिडिओ कॉलवर सांगत होती. प्रॅक्टिस हेडची पूजा केली, त्याच्या पण आणि माझ्या पण. आणि डेलने काय केलं माहितेय? त्याने फाटकाची ओरिजिनल चावी आणून ठेवली पूजेत. म्हणाला, हिला पण ती रेड पावडर लाव."

माझं मन भरून आलं. पण मागे रांग होती आणि काउंटरवर मी इतकी वर्षं कोणाला रडून दाखवलं नव्हतं.

"छान झालं," मी म्हटलं. "खोबरेल नाही ना लावलंस चावीला? कुलूप गोठेल."